गेटपासून प्रिंटरपर्यंत एकोणीस मिनिटं

१० नोव्हेंबर, सोमवार

ज्या वस्तूवर माझा चष्मा ठेवलेला आहे, जिच्या पोटात आज सकाळी मी स्वतःच्या हातांनी कागद भरले आणि जिला मी बसल्या जागेवरून चापट मारू शकतो, ती वस्तू 'सापडत नाही' असं माझा कॉम्प्युटर मला सांगतो. नम्रपणे सांगतो, हे आणखी लागतं. प्रत्यक्ष प्रमाणाचा इतका उघड अपमान नास्तिकांनीही केला नसेल. मी चापट मारली. प्रिंटरने हिरवा दिवा लुकलुकवला, म्हणजे मी आहे असं तोही म्हणाला. कॉम्प्युटर म्हणाला, नाही. दोन साक्षी एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला, तरी निकाल एकाच्या बाजूने.

ही तक्रार कुठे नोंदवावी हे ठाऊक नसल्यामुळे इथे नोंदवतो.

राहनाळच्या आमच्या गोदामात औषधांचे खोके येतात आणि जातात. जाणाऱ्या प्रत्येक गाडीला छापील गेटपास लागतो. तो पहिल्या मजल्यावर माझ्या टपालाच्या टेबलाशेजारी छापला जातो. पास नाही तर गाडी हलत नाही. आज सकाळी चार गाड्या हलल्या नाहीत. शेवटी डिस्पॅचच्या बिल्किसने पास पेन ड्राइव्हवर घेतला, तो प्रिंटरच्या कानात खुपसला आणि छापला.

"मास्तर, मशीनला मारून चालत नाही," ती म्हणाली. "तुमच्या शाळेतली पोरं आहेत का ती?"

मी संस्कृत शिकवत असे त्याला एकवीस वर्षं झाली. नोकरी कायम झाली नाही, 'मास्तर' मात्र कायम झालं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज पुन्हा तेच. यहयाशेठ वर आले. वय तीस, मालकाचे चिरंजीव, हातात कायम दोन फोन. खुर्चीवर बसले नाहीत, टेबलाच्या कोपऱ्यावर टेकले. टेकून बोलले की बातमी वाईट असते.

"मास्तर, वीस तारखेला औषध कंपनीवाले तपासणीला येतायत. त्यांच्यासमोर दहा पास लाइनीत निघाले पाहिजेत. पेन ड्राइव्ह घेऊन कोणी पळताना दिसलं, तर खेळ खलास."

"निघतील."

"निघाले तर ठीक. नाही निघाले, तर मी गेटवर टॅबलेट लावतो. कागदच बंद. मग इथे टपालाच्या टेबलाचं काय काम? तुम्हाला काल्हेरच्या नव्या ऑफिसला घेऊ. एकदम पॉश आहे. चौथा मजला, खाडी दिसते."

"लिफ्ट?"

"लिफ्टची जागा ठेवलीय."

मी म्हणालो, राहनाळच्या टपालाची व्यवस्था अकरा वर्षं एका हाती आहे, ती मध्येच मोडणं शास्त्राला धरून नाही. यहयाशेठ हसले. शास्त्राचा आधार मी कधी घेतो हे त्यांना कळायला लागलं आहे.

चौथा मजला म्हणजे अठ्ठ्याऐंशी पायऱ्या तरी असतील. इथे बावीस आहेत. बावीस पुरेशा आहेत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

भिवंडीहून उज्मा आली. जमातीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते आणि दुपारी अशी दुरुस्तीची कामं घेते. तिने प्रिंटरला हात लावण्याआधी तार कुठून कुठे जाते ते पाहिलं, तेव्हाच मला ती आवडली. आमच्या शाळेत पदच्छेद न करता अर्थ सांगणारे फार असत.

"काका, प्रिंटर एकदम ठीक आहे. नंबरचा घोळ आहे."

"कसला नंबर?"

"राऊटर चालू झाला की तो ऑफिसातल्या प्रत्येक मशीनला एक नंबर देतो. एक नंबर त्याचा स्वतःचा. जो आधी येईल त्याला दोन, नंतरच्याला पुढचा. रोज नव्याने. तुमच्या कॉम्प्युटरला कोणीतरी सांगून ठेवलंय की प्रिंटर दोन नंबरवर असतो. आता दोन नंबर दुसरंच कोणीतरी घेऊन बसलंय. कॉम्प्युटर बिचारा तिकडे जाऊन हाका मारतो."

"अकरा वर्षं नेमका प्रिंटरलाच दोन नंबर मिळत होता?"

"बहुतेक. प्रिंटर पहिला चालू होत असेल."

हे बरोबर आहे. बिऱ्हाड नवं असो की नोकरी, मी कुठेही लवकर पोचणारा माणूस. आमच्याकडे रोज संध्याकाळी मेन स्विच पाडून जातात. मोठे शेठ यूनुसभाई यांचे पूर्वी माग होते. तेव्हा रात्री एका शेडमध्ये तार पेटली आणि बारा माग गेले. तेव्हापासून शेवटचा माणूस मेन पाडतो, शुक्रवारी दुपारी नमाजाच्या सुट्टीतही पाडतो. सकाळी गेटवरच्या जानूला पहिला माणूस दिसला की तो खटका वर करतो. पहिला माणूस म्हणजे मी. पूर्वी जानू खटका वर करी, तोवर मी वर पोचून कुलूप काढून प्रिंटरचं बटण दाबलेलं असे. राऊटर डोळे चोळत उठे तेव्हा प्रिंटर त्याच्या दारात उभा.

"मग आता काय बदललं?" उज्माने विचारलं.

"काही नाही," मी सांगितलं.

राऊटरच्या आत शिरून बघितलं तर चोर लगेच कळेल म्हणे. पण आत शिरायचा पासवर्ड, तो बसवणाऱ्या मुदस्सिरकडे आहे, आणि मुदस्सिर कुवेतला आहे. राऊटर पुसून नव्याने लावता येईल, पण त्यावरच कॅमेरे आहेत. तपासणीच्या आधी कॅमेऱ्यांना हात लावायला यहयाशेठ तयार नाहीत. राऊटरच्या कपाटाची किल्लीही त्यांच्याकडेच. उज्माने मुदस्सिरला मेसेज टाकला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

प्रिंटर चालला! पहिल्या कागदापासून शेवटच्यापर्यंत. एकतीस पास.

आज दोन गोष्टी वेगळ्या होत्या. माझा फोन घरी चार्जिंगला राहिला, त्यामुळे दिवसभर माझ्या बायकोला, कमळला, माझी खबर नव्हती आणि मला शांतता होती. आणि बिल्किस रजेवर होती.

मी तर्कशास्त्र उगाच शिकलो नाही. जे असताना दोष असतो आणि जे नसताना दोष नसतो, ते दोषाचं कारण. बिल्किसचा फोन. नवा आहे, मोठा आहे, आणि ती खुर्चीवर बसायच्या आधीच तो वायफायला चिकटतो. एका कागदावर तक्ता आखला. तारीख, पाऊस, बिल्किस, यहयाशेठचे दोन्ही फोन, कॅमेरे, सगळ्यांना रकाने दिले. कुणाला वगळलं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बिल्किस आली, प्रिंटर गेला. सकाळी गेला तो गेलाच. दुपारी सुट्टीनंतर मेन चढवला, तरी पुन्हा तेच. तक्त्यात दोन फुल्या.

शुक्रवारी दुपारी मी डबा घेऊन खाली जानूकडे जातो. जानू इथल्याच गावचा. गोदामाच्या जागेवर त्याचं शेत होतं, आता त्याच जागेची राखण करतो. मेन चढवून झाल्यावरही आज मी त्याच्या बाकावर बसून होतो.

"मास्तर, वर जायाचं न्हाय का?"

"ट्रक मोजतोय."

"रस्त्याव एक बी ट्रक न्हाय."

"म्हणून तर वेळ लागतोय."

जानूने बाकावर आपली गोणपाटाची घडी सरकवली, मला टेकायला. हल्ली सकाळीही मी तिथे थोडा बसतो. गेटवर माणसाची ये-जा कळते, वारा असतो. वर गेलं की काम सुरूच होतं, घाई कशाला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

बिल्किसला सांगितलं. तक्ता दाखवला. तिने रकान्यांवरून बोट फिरवलं.

"म्हणजे मी आले की पनवती लागते, असं लिहिलंय का मास्तरांनी?"

"तू नाही. तुझा फोन."

"फोन काय एकटा रिक्षात बसून येतो?"

तरी तिने फोन बंद करून पर्समध्ये टाकला. माझ्यासमोर, बटण दाबून धरून, मला दिसेल असा. "घ्या. आता तुमचं शास्त्र चालवा."

शास्त्र चाललं नाही. फोन बंद, प्रिंटर तरीही बेपत्ता. मी म्हणालो, एका दिवसाने काही सिद्ध होत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज लिहायला हात उचलत नाही, पण लिहितो.

बिल्किसने फोन आजही बंद ठेवला, माझ्या शब्दाखातर. तिची मुलगी अलिजा तिसरीत आहे. शाळा दीडला सुटली, रोजचा रिक्षावाला आला नाही. शाळेतल्या बाईंनी बिल्किसला सहा वेळा फोन लावला. पोर शाळेच्या फाटकाशी सव्वातीनपर्यंत उभी होती. शेवटी बिल्किसच्या जावेला कळलं, ती धावली.

बिल्किसला हे चारला समजलं. ती रडली नाही. पर्स काखेत मारली आणि निघताना माझ्या टेबलाशी थांबली.

"चालला का प्रिंटर, मास्तर? चालला का?"

नव्हता चालला.

मी उठून तिच्यामागे जिन्यापर्यंत गेलो. माफी मागायची होती. ती भराभरा खाली उतरून गेली. मी पुढे उतरलो नाही. उतरलो असतो तर पुन्हा चढावं लागलं असतं. कठड्याला धरून उभा राहिलो, वरूनच "बिल्किस" म्हणालो, ते तिला ऐकू गेलं नसावं.

तक्ता फाडला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

अलिजासाठी रंगांचा संच घेऊन गेलो. बिल्किसने घेतला. म्हणाली, "पोरीने विचारलं, कोणते अंकल? मी सांगितलं, जे मशीनला छडी मारतात ते." म्हणजे बोलणं सुरू आहे.

मन कुठे लागत नाही. टेबलावर बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की बसावंसं. परवा तपासणी. पत्रं तिघांना लिहायची होती, एकाला दोनदा लिहिलं.

घरी कमळ म्हणाली, "अहो, तुम्ही हल्ली एका उशीवर दुसरी उशी घेता." मी म्हणालो, मोठ्या माणसांचं डोकं उंचावर असावं. तिला विनोद आवडला नाही. आमच्या घरात पाली शिकलेले पुष्कळ, संस्कृत शिकलेला मी एकटा. लग्नाच्या बैठकीत तिच्या मामांनी विचारलं होतं, या भाषेने आपलं काय भलं केलं? मी म्हणालो, पूर्ण वाचून सांगतो. कमळ तेव्हा पदराआड हसली होती. आज हसली नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

चोर सापडला.

मुदस्सिरचं उत्तर आलं. पासवर्ड त्याच्या आईचं नाव आणि जन्मसाल. उज्मा साडेदहाला आली, माझ्या खुर्चीत बसली, आत शिरली. यादी उघडली. आज सकाळी मेन चढल्यापासून कोणी कधी कोणता नंबर घेतला, सगळं तिथे मिनिटासह लिहिलेलं. बिल्किस मागे उभी. तिला निकाल ऐकायचाच होता.

उज्माने यादी वाचली आणि माझ्याकडे वळली. "काका, तुमचा फोन कोणता?"

मी शर्टाच्या खिशातून काढून दिला.

"हाच दोन नंबर."

बिल्किसने टाळी वाजवली. "या अल्ला! मास्तर! माझी पोर फाटकावर उभी केली आणि माल तुमच्याच खिशात!"

मग सगळं जुळलं. जूनमध्ये टॅबलेटची तयारी म्हणून यहयाशेठनी गेटवरही वायफायचा डबा लावला होता. जानू मेन चढवतो, मी गेटवर असतो, राऊटर उठतो, आणि त्याला समोर पहिला दिसतो तो माझा फोन. प्रिंटर वर कुलपात झोपलेला. नऊ-दहा दिवस भिवंडीतल्या औषधांचे गेटपास माझ्या खिशावर येऊन धडकत होते आणि मी वर बसून बिल्किसवर रकाने आखत होतो. त्या तक्त्यात सगळे होते, एक मीच नव्हतो.

हसायला आलं. खरंच हसलो, तिघेही हसलो.

मग उज्मा पुन्हा पडद्याकडे बघून म्हणाली, "पण काका, एक कळलं नाही. तुमचा फोन आठ चौतीसला लागला. प्रिंटर आठ त्रेपन्नला. मध्ये एकोणीस मिनिटं. गेटपासून इथवर यायला एकोणीस मिनिटं लागली?"

"ट्रक मोजत होतो."

"रोज?"

"संख्या मोठी आहे."

उज्मा हसली. बिल्किस हसली नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मग दाराबाहेर जिन्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मी फोन खिशात ठेवला आणि चष्मा पुसायला घेतला.

उज्माने प्रिंटरला दोन नंबर कायमचा बांधून दिला. दुसऱ्या कुणाला आता तो मिळणार नाही, आणि वीज आली की प्रिंटर आपणहून सुरू होईल. जाताना म्हणाली, "आता टेन्शन नाही काका. तुम्ही सकाळी कधी या, न या, प्रिंटर चालेल."

चांगुलपणाने म्हणाली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

तपासणी झाली. कंपनीचे दोघे आले. एक बोलणारा, एक लिहिणारा. दहा पास मागितले. प्रिंटरने दहा दिले, एका दमात, काहीही न अडता. यहयाशेठनी माझ्या पाठीवर हात ठेवला. हात थोडा जोरात पडला.

मग बोलणारा म्हणाला, "पास छापल्यापासून गेटवर शिक्का मारून कॉपी परत येईपर्यंत किती वेळ लागतो, तो बघू." लिहिणाऱ्याने घड्याळ लावलं. यहयाशेठ म्हणाले, "मास्तर, जा."

मी पास घेतला. उतरायला काही नाही. खाली जानूने शिक्का मारला, त्याचाही हात भराभर चालला. मी कॉपी घेऊन वळलो. सहा पायऱ्या चढलो. सातवीवर पाय ठेवला आणि तिथेच राहिलो. वरून घड्याळवाला वाकून बघत होता. त्याच्या शेजारी यहयाशेठ. कठड्यावर माझा हात होता, तो घामाने सटकत होता, आणि हवा नाकापर्यंत येऊन परत जात होती. मला एवढंच सुचत होतं की तोंड उघडं ठेवून उभं राहिलं तर वरून दिसेल, म्हणून मी तोंड मिटून घेतलं.

चपलांचा आवाज आला. बिल्किस. तिने माझ्या हातातून कागद ओढलाच.

"मास्तर, तुमची ड्युटी वर आहे, हे डिस्पॅचचं काम. किती वेळा सांगायचं?" मोठ्याने म्हणाली, वर ऐकू जाईल असं. मग हळू, फक्त मला, "बसा इथे. पायरीवर बसा. चप्पलचा पट्टा लावल्यासारखं करा."

माझ्या चपलेला पट्टा नाही. तरी मी लावत बसलो.

दोन मिनिटं चाळीस सेकंद. उत्तम शेरा. काम राहनाळलाच राहिलं, कागद राहिला, माझं टेबल राहिलं. काल्हेरला जायचं नाही. मिठाई आली. मी मिठाई खाल्ली नाही, कुणी विचारलंही नाही.

चारला बिल्किस मिठाईचा रिकामा डबा ठेवायच्या निमित्ताने टेबलाशी आली.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"मास्तर, माझे अब्बा लूमवर होते. जिन्यात थांबून ट्रक मोजणारी माणसं मी बघितलीयत." ती डबा तिथेच ठेवून गेली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज सुट्टीत खाली गेलो नाही. मेन पडल्यावर अंधाऱ्या ऑफिसात टेबलावरच डबा खाल्ला. अडीचला मेन चढला आणि मी बटण दाबायच्या आत प्रिंटर आपणहून जागा झाला. त्याचं काही अडत नाही.

संध्याकाळचे सात. घरी आहे. दहा-बारा दिवस इथे जे लिहिलं ते वाचलं. ट्रक, वारा, उशी, पायऱ्यांची संख्या. वाचणारा कुणी असता तर दुसऱ्याच पानावर म्हणाला असता, अरे, हा माणूस आजारी आहे.

तर सरळ लिहितो. दसऱ्यापासून बावीस पायऱ्या मला एका दमात चढता येत नाहीत. आधी मध्ये एकदा थांबत होतो, आता दोनदा थांबतो, आणि चढण्यापूर्वी जानूच्या बाकावर पंधरा मिनिटं बसावं लागतं. आडवा झालो की श्वास कोंडतो. डाव्या खांद्यापासून कोपरापर्यंत कोणीतरी दोरी ओढतं. नोकरीसाठी लपवतो असं मी स्वतःला सांगत होतो. कालपासून नोकरीला धोका नाही, तरी आज जाता-येता दोन वेळा दवाखान्यावरून रिक्षा गेली आणि दोन्ही वेळा मी दुसरीकडे बघितलं.

कमळ आत भाकऱ्या थापते आहे. तिला सांगितलं तर ती एकही प्रश्न न विचारता तवा उतरवेल, हात धुईल आणि चप्पल घालून दारात उभी राहील. म्हणूनच सांगितलेलं नाही. तिथे गेल्यावर डॉक्टर काय सांगतील याची मला भीती वाटते. फार भीती वाटते.